फुली हलते का?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना फळ्यावर काढलेल्या आकृत्या इथे शब्दांत दिल्या आहेत.)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं दिली आहेत आणि नोकरीबद्दल बोलायचं नाही अशी अट घातली आहे. अट शहाणपणाची आहे. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम का अडतोय हे मी दिवसभर शोधत असते, आणि ते ऐकायला माझ्या घरातलंसुद्धा कोणी बसत नाही. म्हणून छंदाबद्दल बोलते. मागच्या वर्षी आपल्या ग्रुपवर माझा एक फोटो आला होता, ओल्या गवतात मांडी घालून बसलेय आणि हातात एअर रायफल आहे. त्यावर कोणीतरी लिहिलं होतं, "अगं, इंग्लंडात जाऊन शिकारीण झालीस की काय?" नाव घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसलाय.

शिकार नाही. मारते ते पत्र्याचे उंदीर आणि पत्र्याचे कावळे. तिकडे 'फील्ड टार्गेट' नावाचा खेळ आहे. रानात झाडांच्या मुळाशी, कुंपणाच्या कडेला असे पत्र्याचे प्राणी मांडून ठेवतात. प्रत्येकाच्या अंगात एक गोल भोक असतं आणि भोकामागे छोटीशी पाटी. छर्रा भोकातून जाऊन पाटीला लागला तर प्राणी मागे कोसळतो. भोक चुकवून पत्र्यावर बसला तर नुसता टण्णकन आवाज येतो आणि उंदीर तुमच्याकडे बघत उभा राहतो. पडलेला प्राणी दोरी ओढून पुन्हा उभा करायचा. लक्ष्यं ८ यार्डांपासून ५५ यार्डांपर्यंत कुठेही असतात. यार्ड म्हणजे मीटरहून थोडा कमी, ९१ सेंटीमीटर. नेमकं किती लांब आहे ते कोणी सांगत नाही, आणि अंतर मोजायचं वेगळं यंत्रही वापरू देत नाहीत. सगळ्यांत लहान भोक १५ मिलीमीटरचं, शर्टाच्या बटणापेक्षा जरासं मोठं. छर्रा साडेचार मिलीमीटर जाडीचा.

२०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा तुमच्यापैकी चौघांनी मला फोन करून "तुझाच खेळ ना हा?" असं विचारलं. नाही हो. मी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि खेळही वेगळा. त्याच्या खेळात बंदुकीवर दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्रातून नुसत्या नजरेने नेम धरायचा असतो. आमच्याकडे दुर्बीण असते. तिला स्कोप म्हणतात. आज मी बोलणार आहे ते त्या स्कोपमधल्या एकाच दोषाबद्दल. तो कसा ओळखायचा आणि कसा काढायचा, एवढंच.

आपल्यातल्या एनसीसीवाल्यांना पॉइंट टू-टू रायफल आठवत असेल. डोळ्याजवळ एक खाच, नळीच्या टोकाला एक काडी आणि पलीकडे लक्ष्य. तिन्ही एका रेषेत आणायची. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट बघू शकतो, त्यामुळे काडी स्पष्ट केली की लक्ष्य धूसर होतं आणि लक्ष्य बघावं तर काडी विरघळते. स्कोपने ही अडचण सोडवली. पुढचं भिंग लांबच्या लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत उतरवतं, आणि तिथेच एका काचेवर बारीक फुली आखलेली असते. प्रतिमा आणि फुली एकाच पातळीत, एकाच कागदावर काढल्यासारखी. मग डोळ्याला एकाच ठिकाणी बघायचं असतं.

पण लक्ष्य जवळ आलं की भिंगाने उतरवलेली प्रतिमा नळीत मागे, डोळ्याच्या दिशेने सरकते. लांब गेलं की पुढे सरकते. फुली मात्र आपल्या जागी. म्हणजे एका ठरावीक अंतरावरच्या लक्ष्यासाठीच दोघी एका पातळीत असतात. बाकी सगळीकडे एक पुढे, एक मागे. आणि दोन गोष्टी पुढे-मागे असल्या की बघणाऱ्याने मान हलवली तर त्या एकमेकींवरून सरकतात. खिडकीचा गज आणि बाहेरचा विजेचा खांब सरकतो, तशा. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. मराठी पुस्तकांत 'पराशय' असा शब्द आहे, पण आपण प्रयोगशाळेत कधी वापरला नाही. आपण "पॅरॅलॅक्स काढ" असंच म्हणायचो.

अकरावी-बारावीला भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग होता. लाकडी बाक, मध्ये भिंग, अलीकडे एक पिन, पलीकडे एक पिन. उलटी प्रतिमा आणि पिन टोकाला टोक लावून उभी करायची आणि मग डोकं डावीकडे-उजवीकडे न्यायचं. सर मागून फिरत यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "हलते का?" हलत असेल तर पिन चुकीच्या जागी आहे. दिसायला दोन्ही चिकटलेल्या असल्या तरी चुकीच्या जागी आहे. अर्धा वर्ग आकडे उलटे मोजून लिहायचा हे सरांना ठाऊक होतं. म्हणून ते वही बघायचेच नाहीत, बाकाशी वाकून स्वतःची मान हलवायचे.

आता मुलीची गोष्ट सांगते, कारण मी यात खोल शिरले ती तिच्यामुळे.

ती चौदा वर्षांची आहे. क्लबमध्ये माझ्याबरोबर यायला लागली. क्लबच्या ज्युनियर मुलांसाठी तीन बंदुका होत्या, त्यांतली एक तिला मिळाली. बसायची छान, हात स्थिर, ट्रिगरवर बोट अगदी हळू. तरी कार्डावर पाच छर्रे मारले की एकावर एक उभी रांग लागायची. डावीकडे-उजवीकडे काही नाही, फक्त वर-खाली. उभी रांग दिसली की नेमबाजीत पहिला संशय श्वासावर जातो, कारण श्वास घेताना-सोडताना छाती हलते आणि नळीचं टोक वर-खाली होतं. संशय वाजवी आहे. क्लबमधले एक ज्येष्ठ सभासद, माणूस अतिशय सज्जन, दर रविवारी तिला श्वास शिकवायचे. घे, अर्धा सोड, थांब, मार. चार महिने. तिने घरी उशीवर डोकं ठेवून श्वास मोजले. मग एका रविवारी गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, मला बहुतेक हे जमणारच नाही. माझा श्वासच चुकीचा आहे." चौदाव्या वर्षी आपला श्वास चुकीचा आहे असं वाटणं काही बरं नाही.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. चूक कोणाची ते ठरवायच्या आधी ती चूक माणसाला बाजूला ठेवून घडते का ते बघायचं. म्हणून पुढच्या रविवारी बंदूक रिकामी केली, दोघींनी दोनदा तपासली, आणि ती वाळूच्या पिशव्यांवर अशी बसवली की धक्का लागला तरी हलू नये. २० यार्डांवर एक कोरं कार्ड लावलं. ट्रिगरचा, श्वासाचा, हाताचा काही संबंधच नाही. मुलीला म्हटलं, बंदुकीला हात न लावता फक्त स्कोपमधून बघ आणि मान हळूच खाली-वर कर. फुली हलते का?

ती म्हणाली, "आई, फुली चालतेय!"

मी कार्डापाशी पेन घेऊन उभी राहिले. रेंज बंद करून, लाल निशाण लावून, हे सांगायला हवं. तिने डोळा शक्य तितका खाली नेला आणि फुली जिथे दिसली तिथे मला खूण करायला सांगितलं, मग शक्य तितका वर नेऊन दुसरी खूण. दोन खुणांत सव्वादोन सेंटीमीटरचं अंतर भरलं. बंदूक तसूभरही हलली नव्हती. हे बघत उभ्या असलेल्या त्या ज्येष्ठ गृहस्थांना मी जागा दिली. त्यांनी डोळा लावला, मान हलवली, थांबले, पुन्हा हलवली.

आता फळ्याकडे या. दहावीचे समरूप त्रिकोण, दुसरं काही लागत नाही.

त्या बंदुकीवर चार पट मोठं दाखवणारा, ३२ मिलीमीटरच्या भिंगाचा साधा स्कोप होता. अशा स्कोपला पॅरॅलॅक्स फिरवायची सोय नसते. कारखान्यात एका अंतराला तो कायमचा बांधून येतो. मोठ्या काडतुसांच्या बंदुकांसाठीचे स्कोप बहुधा १०० यार्डांना बांधलेले असतात, पॉइंट टू-टूसाठीचे ५० यार्डांना. हा १०० यार्डांचा होता. म्हणजे असं समजा की फुली नळीत नाहीच, ती १०० यार्डांवर हवेत टांगलेली आहे. डोळा मध्यावर असेल तर नजरेची रेघ भिंगाच्या मध्यातून सरळ फुलीकडे जाते. डोळा खाली घसरला तर रेघ भिंगाच्या खालच्या काठातून निघून तिरकी वर चढते आणि १०० यार्डांवर त्याच फुलीला मिळते. वाटेत २० यार्डांवर आपलं लक्ष्य आहे. तिथे ही तिरकी रेघ मधल्या रेघेच्या किती खाली असेल? भिंगाची त्रिज्या १६ मिलीमीटर, १०० यार्डांपैकी ८० अजून चालायचे बाकी. १६ गुणिले ८०, भागिले १००. बारा पूर्णांक आठ दशांश मिलीमीटर. दुसऱ्या काठाकडूनही तेवढंच. दोन्ही मिळून साडेपंचवीस. अगदी काठावर चित्र काळवंडतं, म्हणून आम्हाला त्याहून थोडं कमी दिसलं.

काठापर्यंत डोळा कोण नेतं, असं म्हणाल. न्यायला लागतही नाही. चार पटीच्या स्कोपमधून मागे येणारा प्रकाशाचा झोत ३२ भागिले ४, म्हणजे ८ मिलीमीटर रुंद असतो. डोळा त्यात मध्यापासून दोन-तीन मिलीमीटर सरकला तरी चित्र भरलेलंच दिसतं, काही बिघडलंय असं वाटतसुद्धा नाही. पण डोळा १ मिलीमीटर सरकला की पुढच्या भिंगावर नजर ४ मिलीमीटर सरकते, आणि २० यार्डांवर ३.२. डोळा २ मिलीमीटर खाली, म्हणजे लक्ष्यावर ६.४. आता भोकाची त्रिज्या साडेसात, छऱ्याची सव्वादोन. नेम अगदी मधोमध धरूनही छऱ्याला जेमतेम सव्वापाच मिलीमीटरची सवलत. टण्ण.

आणि रांग उभीच का, तेही यातच आहे. बंदुकीचा दस्ता मोठ्या माणसाच्या चेहऱ्याच्या मापाचा. मुलीचा चेहरा लहान, म्हणून तिने गाल नीट टेकवला की डोळा मध्याच्या खाली यायचा. फुली लक्ष्यावर खाली दिसायची, ती फुली वर आणायची, आणि छर्रा वर बसायचा. मध्येच तिला चित्र नीट दिसत नाहीसं वाटून ती मान उंच करायची, मग छर्रा बरोबर मध्ये. तिचा डोळा दर वेळी वेगळ्या उंचीवर, आणि कार्डावर त्याची उभी रांग. श्वासाने लागणारी रांगही अशीच दिसते. नुसत्या कार्डावरून दोन्ही वेगळ्या ओळखता येत नाहीत, हे त्या गृहस्थांच्या बाजूनेही म्हणायला हवं.

न फिरणाऱ्या स्कोपचं काय करायचं? काही जण पुढच्या भिंगाची कडी सैल करून भिंगच फिरवतात. तसं करता येतं, पण आत भरलेला कोरडा नायट्रोजन निघून जातो आणि पुढच्या पावसाळी दिवशी आतून धुकं धरतं. ते मला नको होतं. आम्ही आधी दस्त्यावर फोमची पट्टी चिकटपट्टीने बांधून गाल वर आणला. मग तिला सावलीची खूण शिकवली. डोकं किंचित मागे घेतलं की चित्राभोवती काळं कडं येतं, ते सगळीकडून सारखं जाड असेल तर डोळा मध्यावर आहे. तरीही पुरेसं झालं नाही, म्हणून लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची चकती कापली, मध्ये ऑफिसच्या पंचने भोक पाडलं आणि ती पुढच्या भिंगावर बसवली. पंचचं भोक ६ मिलीमीटरचं. आता त्रिज्या १६ऐवजी ३. गणित तेच, ३ गुणिले ८० भागिले १००, उत्तर २.४. डोळा कुठेही जाऊ दे, त्याहून जास्त चुकूच शकत नाही. चित्र अंधारतं, हे खरं. उघड्या कार्डावर भागतं, ढगाळ दिवशी झाडीत भागत नाही. पण त्या दिवशी ऊन होतं. तिने पाच छर्रे मारले. रांगेचा झुपका झाला. श्वास तिने मोजलाच नव्हता.

ते ज्येष्ठ गृहस्थ बराच वेळ कार्डाकडे बघत होते. म्हणाले फक्त, "असं आहे तर." मग संध्याकाळी उरलेल्या दोन ज्युनियर बंदुका स्वतः वाळूवर ठेवून त्यांनी तपासल्या, आणि महिन्याभरात तिन्हींवर पॅरॅलॅक्स फिरवता येणारे स्कोप आले.

अशा स्कोपला एक वळवायची कडी असते, पुढच्या भिंगाभोवती किंवा डाव्या बाजूला बटणासारखी. ती फिरवली की आतलं भिंग सरकतं आणि प्रतिमा पुढे-मागे होते. त्यावर १०, १५, २५, ५० असे आकडे छापलेले असतात. लोक आकडा लावतात आणि निश्चिंत होतात. मी म्हणेन, आकड्यावर फक्त सुरुवात करा.

त्याआधी एक काम, आणि बहुतेक जण तेच वगळतात. डोळ्याजवळचं भिंग आपल्या डोळ्याला जुळवायचं. स्कोप कोऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरायचा, सूर्याकडे अजिबात नाही. डोळे मिटायचे, उघडायचे, आणि पहिल्या क्षणी फुली कशी दिसली ते लक्षात ठेवायचं. धूसर दिसली तर थोडं फिरवून पुन्हा. टक लावून बघायचं नाही, कारण दोन सेकंदांत डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीची जागाही बरोबर दिसायला लागते. पहिल्या नजरेला फुली काळीभोर दिसली की तिथे खूण करायची. आमच्या घरात एक स्कोप दोघींत आहे, म्हणून दोन खुणा. माझी लाल नेलपॉलिशची, तिची पांढरी.

मग बंदूक रिकामी, वाळूवर, स्कोप जास्तीत जास्त मोठा करून. कडी फिरवून लक्ष्य स्पष्ट करायचं. आणि मग सरांचा प्रश्न, हलते का? फुली डोळ्याच्याच दिशेने सरकत असेल, म्हणजे डोळा उजवीकडे नेला की फुलीही उजवीकडे, तर फुली लक्ष्याच्या पलीकडे टांगलेली आहे. कडी जवळच्या आकड्याकडे न्या. उलट्या दिशेने सरकत असेल तर फुली लक्ष्याच्या अलीकडे आहे, कडी लांबच्या आकड्याकडे. हे पाठ करायला नको. खिडकीचा गज आणि खांब आठवा. उजवीकडे झुकलात की गज खांबावरून डावीकडे जातो, कारण गज जवळ आहे. थोडं थोडं फिरवत, फुली लक्ष्याला खिळून बसेपर्यंत. शेवटचं वळण नेहमी एकाच बाजूने द्यायचं, कारण आतल्या आट्यांत थोडी ढिलाई असते.

इथे आपल्या वयाचा प्रश्न येतो, आणि या सभागृहात किती जणांच्या खिशात जवळचा चष्मा आहे ते मला दिसतंय. मुलीला मी म्हणाले, कडी फिरव आणि स्पष्ट झालं की सांग. ती ३० वर म्हणाली "झालं", पुढे फिरवलं तर ४५ वरही "झालंच आहे की". खोटं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचीक आहे की प्रतिमा थोडी अलीकडे-पलीकडे असली तरी तो धावत जाऊन पकडतो. माझा डोळा आता धावत नाही. मला एकाच जागी स्पष्ट दिसतं आणि कडी जराशी फिरली की धूसर. म्हणजे तरुण डोळा चूक झाकतो आणि चाळिशीपार डोळा ती उघडी पाडतो. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की ऑप्टिशियनला सांगून आले. त्याला तेवढा झाला नाही.

म्हणून मुलीला सांगितलं आहे की "स्पष्ट दिसतंय" यावर तू विसंबू नकोस, मान हलव. आणि मी स्पष्टतेने जवळपास पोचते, मग मान हलवून खात्री करते. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर डोळ्याजवळचं भिंग बिघडलेलं असतं, लाल खूण सुटलेली असते. पण छर्रा मारायची वेळ असेल आणि दोन्हींतलं एकच मानायचं असेल, तर मान हलवण्याचं माना. थोडी धूसर दिसणारी, पण न हलणारी फुली छर्रा भोकात घालते. काचेसारखी लखलखीत, पण हलणारी फुली घालेलच असं नाही.

यातूनच अंतर मोजणं निघतं. लक्ष्य किती लांब ते कोणी सांगत नाही, हे मी सुरुवातीला म्हटलं. पण फुली ज्या जागी खिळते ती जागा अंतरावरच ठरते. म्हणून आम्ही बाजूच्या बटणावर थाळीएवढं चाक बसवतो, त्याच्या कडेला कोरी पट्टी चिकटवतो, आणि टेपने मोजलेल्या अंतरांवर लक्ष्यं ठेवून स्वतःच्या खुणा करतो. जवळच्या खुणा ऐसपैस पडतात, लांबच्या एकमेकींना चिकटतात. प्रतिमेचं सरकणं अंतराच्या व्यस्ताप्रमाणे बदलतं. एक दशांशातून एक अकरांश वजा करा आणि एक पन्नासांशातून एक पंचावन्नांश. पहिला फरक दुसऱ्याच्या बरोबर पाचपट येतो. म्हणजे १० आणि ११ यार्डांमधला एक यार्ड, ५० आणि ५५ मधल्या पाच यार्डांहून चाकावर पाचपट जागा घेतो. मोठं चाक लागतं ते यासाठी. शिवाय ऊन वाढलं की नळी आणि भिंगं थोडी बदलतात आणि सकाळी ५० वर असलेला उंदीर दुपारी चाकावर दोन-तीन यार्ड सरकलेला सापडतो. कुठल्या बाजूला, ते प्रत्येक स्कोपचं वेगळं. माझ्या चाकावर म्हणून दोन पट्ट्या आहेत, स्वेटरची आणि बिनस्वेटरची.

जाता जाता एक सांगते. १८३८ साली बेसेल नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर काढलं, तेही असंच. मान हलवायला त्याने पृथ्वीची कक्षा घेतली. सहा महिन्यांत आपण सगळेच सुमारे ३० कोटी किलोमीटर बाजूला सरकतो, तेवढ्यात तो तारा मागच्या ताऱ्यांवरून किती सरकला ते त्याने मोजलं. इतका कमी सरकला की त्याआधी कोणाला नीट मोजताच आला नव्हता.

वेळ संपत आलाय, चहाचा वास येतोय. बंदूक काही मी विमानातून आणलेली नाही. पण काल संध्याकाळी प्रयोगशाळेत जाऊन आले. लाकडी ऑप्टिकल बाक अजून तिथेच आहे, पट्टीवरचे आकडे पुसट झालेत आणि पिनांना गंज चढलाय, म्हणून दोन नव्या टाचण्या लावल्या आहेत. चहानंतर प्रयोगशाळा उघडी ठेवायला शिपाईमामांना सांगितलं आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी या. चष्मा असेल तर काढू नका, बाकाला टेकू नका, आणि एका वेळी एकानेच. पलीकडची टाचणी मी मुद्दाम थोडी मागे ठेवली आहे. मुलांनाही पाठवा, आधी त्यांना बघू द्या. ते म्हणतील दोन्ही चिकटल्या आहेत.